एकशे सत्तावीस पूर्णांक सहा

पेत्रोग्राद
१ फेब्रुवारी १९१५, क्षमेचा रविवार

ग्लाशा,

तुझं कार्ड काल पोचलं. लढाईमुळे टपालाची दैना झाली आहे, पुतण्यांची आघाडीवरची पत्रं महिना महिना येत नाहीत, पण तोम्स्कहून निघालेलं तुझं कार्ड मात्र ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या आत माझ्या टेबलावर हजर. दरवर्षीसारखी एकच ओळ: 'दादा, मला क्षमा कर. ग्लाफिरा.' आज चर्चमधून आलो आणि दरवर्षीसारखी माझी ओळ लिहायला बसलो: 'देव क्षमा करील.' पंचवीस वर्षं आपण भाऊबहीण एवढ्यावरच भागवत आलो.

आजच्या दिवशी सगळं शहर हेच करतं. सकाळी आमच्या स्वयंपाकिणीने खाली वाकून माझी क्षमा मागितली, मी तिची मागितली, आणि उद्या कोबीच्या सूपवरून आमचं पुन्हा वाजणार. म्हणून तुझ्या ओळीकडे मी कधी फारसं लक्ष दिलं नाही, असं म्हणणार होतो. पण ते खरं नाही. ती वाचली की मला वाटायचं, ही मलाच सुनावते आहे, क्षमा कोणी कोणाची मागायची ते बघ म्हणते आहे. मग मी कार्ड ड्रॉवरमध्ये सारून टाकायचो.

यंदा मात्र एका ओळीत आटपत नाही, कारण काम आहे. येत्या पंचवीस ऑक्टोबरला मला प्राध्यापक होऊन पंचवीस वर्षं पुरी होतात. विभागातल्या मंडळींनी समारंभाचा घाट घातला आहे. चामड्याच्या बांधणीतली मानपत्रं, भाषणं, मग जेवण. दारूबंदी असल्यामुळे माझ्या आयुरारोग्यासाठी लोक चहाचे पेले उंचावतील. लिझा असती तर नवऱ्याच्या या थाटाला हसून बेजार झाली असती. ती जाऊन सहा वर्षं झाली, आता घरचं म्हणावं असं पहिल्या रांगेत बसायला कोणी नाही. तू यावंस. आता थेट रेल्वे आहे, तू गेलीस तेव्हासारखं बोटीने आणि घोडागाडीने हाल काढायला नकोत.

आणखी एक गोष्ट आहे, तशी किरकोळ. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी एका तरुण इंग्रजाचा लेख हाती आला. क्ष-किरणांनी तपासून तो एकेका मूलद्रव्याचा अनुक्रमांक काढतो. म्हणजे आवर्तसारणीत मूलद्रव्यं वजनाने बसलेलीच नाहीत, या क्रमांकाने बसली आहेत. त्या हिशेबात टेल्युरियम बावन्नावं आणि आयोडीन त्रेपन्नावं, मग त्यांची वजनं काही का असेनात. तुला ती आपली टेल्युरियमची भानगड आठवत असेलच. तेव्हा छापताना आकड्यात थोडी चूक झाली होती. ती आता दुरुस्त करून टाकावी असं मनात आहे. बाकी तू आलीस की बोलू.

हवापाणी बरं आहे. माझं यकृत नाही.

तुझा,
इग्नाती


पेत्रोग्राद
१२ मार्च १९१५

ग्लाशा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, म्हणजे नेहमीच्या चौपट, तेव्हा तक्रारीला जागा नाही. 'दादा, येणं जमणार नाही, शाळा सोडता येत नाही. त्या जुन्या आकड्याची आठवण काढू नकोस, मला लाज वाटते. समारंभ चांगला होऊ दे. यकृताला जप.'

लाज वाटते! दोन दिवस तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. भावाची लाज वाटते असं म्हणायचं असेल तर सरळ म्हण की. मुलींना गणित शिकवतेस, गोलमाल बोलायची सवय तुला कुठून लागली?

बरं, छापताना चूक झाली असं मी लिहिलं, ते पुरतं खरं नव्हतं. पहिल्यापासून लिहितो. तुला यातलं सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने तू कधी ऐकलेलं नाहीस.

तेव्हाचे दिवस आठव. मेंडेलीवांनी माहीत होती तेवढी सगळी मूलद्रव्यं वजनाच्या चढत्या क्रमाने मांडली, आणि दिसलं की ठराविक अंतराने तोच स्वभाव फिरून येतो. गंधक, त्याच्याखाली सेलेनियम, त्याच्याखाली टेल्युरियम: सख्खी भावंडं. शेजारच्या घरात क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन: तीही सख्खी. सगळं छान जमलं, फक्त टेल्युरियम आयोडीनपेक्षा किंचित जड भरत होतं. वजनाप्रमाणे लावायचं तर दोघांची अदलाबदल करायला हवी, आणि मग टेल्युरियम जाऊन पडतं क्लोरीनच्या घरात, जिथे त्याला कोणी ओळखत नाही. त्यांनी ते केलं नाही. ते म्हणाले, जागा बरोबर आहे, वजन चुकलं आहे, पुन्हा तोला.

आणि कोणाची छाती होती नाही म्हणायची? त्यांनी सारणीत रिकाम्या सोडलेल्या जागांवर एकामागून एक नवी मूलद्रव्यं सापडत होती. तिसरं, जर्मेनियम, सापडल्याची बातमी आली त्या दिवशी आपण दोघांनी हॉस्टेलच्या जिन्यात उभं राहून मिठाई वाटल्यासारखी लिमलेटं वाटली होती. त्याच वर्षी शरद ऋतूत मी तुला टेल्युरियमची बाटली दिली. तू एकवीस वर्षांची होतीस, बायकांच्या वर्गातून पहिली आली होतीस आणि तुझ्याइतका स्थिर हात सबंध विभागात कोणाचा नव्हता, माझाही नव्हता.

मी म्हणालो, 'उत्तर एकशे पंचवीसच्या आसपास, आयोडीनच्या एकशे सत्तावीसच्या खाली, यायला हवं.'

तू म्हणालीस, 'उत्तर माहीत आहे तर मोजायचं कशाला?'

'माहीत आहे म्हणूनच. चुकलीस तर लगेच कळेल.'

केवढा हुशार होतो मी. आयुष्यात तुला एखादी गोष्ट सांगायला नको होती तर ती हीच.

मग तुझे तीन हिवाळे. धातू शुद्ध कर, तोल, भस्म कर, भस्म तोल. १२७.५. १२७.६. १२७.७. पुन्हा १२७.६. मी म्हणायचो, माल अशुद्ध आहे, काहीतरी जड मिसळलेलं आहे, पुन्हा कर. तू पुन्हा करायचीस. टेल्युरियम तुझ्या अंगात भिनलं, तुझ्या श्वासाला लसणाचा वास यायला लागला, घोड्यांच्या ट्राममध्ये बायका रुमाल नाकाला लावून दुसऱ्या बाकावर जायच्या. वनखात्यातला तो तरुण दोन रविवार आपल्याकडे चहाला आला आणि तिसऱ्या रविवारी आला नाही. तेव्हा मी थट्टा केली, 'गेला तर गेला, लसूण न आवडणारा माणूस काय कामाचा?' तू हसलीस. मला आज ते हसू आठवायला नको वाटतं.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं आणि तू ताम्बोवला गेलीस. जाताना लेखाचा मसुदा माझ्याकडे देऊन गेलीस. त्यात आकडा होता १२७.६. मी तो १२५.१ केला आणि तुझ्या नावाने छापायला पाठवला. झालं, लिहून टाकलं.

पण मी काही हवेतून आकडा काढला नाही. तुझ्या मालात तो जड अवशेष होता, तू परत आल्यावर मी तुला मुशीत दाखवलाही होता. त्याचा वाटा मी वजा केला, एवढंच. तुला न विचारता केला, ही माझी चूक. पण तू इतकी दूर निघून जावंस आणि पंचवीस वर्षं तोंड फिरवून बसावंस एवढी ती मोठी होती का?

माझं पत्र लांबलं. उपासाच्या दिवसांत माणूस बडबडतो.

इग्नाती


पेत्रोग्राद
२६ एप्रिल १९१५

ग्लाशा,

आज तुझा नामदिन, तुझ्या नावाच्या संताचा दिवस. सुखी राहा. गेल्या पत्राला उत्तर आलं नाही, तू काय लिहिणार म्हणा.

येरमोलाई अजून आहे. आता प्रयोगशाळेतलं काम होत नाही, पण तो घरी बसायला तयार नाही, तेव्हा सकाळी येतो, स्टोव्हजवळ बसतो आणि नव्या नोकरांना शिव्या घालतो. परवा मी त्याला म्हणालो, 'माळ्यावर बघ बरं, ग्लाफिरा प्लातोनोव्हनांच्या टिपणवह्या कुठे असतील. मागे जागा बदलली तेव्हा हरवल्या.'

तो उठलाच नाही. म्हणाला, 'हरवल्या कधी होत्या, मालक? तुमच्याच खोलीत आहेत. कपाटात, खालच्या कप्प्यात. किल्ली तुमच्या साखळीला असते.'

'तुला काय ठाऊक?'

'त्या कपाटावरची धूळ पुसतो कोण? तुम्ही?' मग चिलीम पेटवत म्हणाला, 'बाईसाहेब खोलीत यायच्या ना, तर आधी वास यायचा, मागून त्या. पण भांडी? भांडी माझ्या बायकोच्या हातून अशी कधी निघाली नाहीत. त्यांच्या हातची मूस मी पुन्हा धुवायला घेतली तर रागवायच्या. आणि तुम्ही म्हणे त्यांच्या मालात घाण निघाली.'

'अवशेष निघाला होता, येरमोलाई. तू बघितला नाहीस.'

'बघितला की. ती शिसं लागलेली मूस. सैनिकी कारखान्याचे नमुने तपासले होते तुम्ही त्या आठवड्यात. मी दोनदा धुवायला मागितली. तुम्ही म्हणालात, राहू दे, ग्लाफिरा प्लातोनोव्हनांना दाखवायची आहे. मी म्हटलं, असेल बुवा काहीतरी विद्या. आपल्याला काय कळतंय?'

येरमोलाई आता ऐंशीच्या घरात आहे. त्याला अर्धं आठवतं आणि अर्धं तो रचतो. क्षमेच्या रविवारी त्याने माझी क्षमा मागितली तेव्हा मी विचारलं, कशाबद्दल रे? तर म्हणाला, 'तुमच्या कोटातली तंबाखू, मालक, बावीस वर्षं.' असला माणूस. त्याच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा?

तरी तुला हे कळवावंसं वाटलं. वह्या सापडल्या. चारही आहेत. तुझं अक्षर किती लहान होतं गं.

इग्नाती


पेत्रोग्राद
२० सप्टेंबर १९१५

ग्लाशा,

येरमोलाईला सगळं नीट आठवतं.

हे एक वाक्य लिहायला मला पाच महिने लागले. मे महिन्यात एक पत्र लिहिलं ते फाडलं, जुलैत दोन फाडली. या उन्हाळ्यात आम्हा सगळ्या रसायनवाल्यांना विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांच्या कामाला जुंपलं आहे, तेव्हा वेळ नव्हता अशी सबबही तयार होती. मग परवा वाचनालयात कोणीतरी सांगितलं की अनुक्रमांकवाला तो इंग्रज दार्दानेल्सच्या बाजूला लढाईत मारला गेला. सत्तावीस वर्षांचा होता. त्या पोराने जे दिसलं ते तसंच्या तसं छापलं आणि गेला. मी सत्तावन्नाचा आहे आणि चामड्याच्या मानपत्राची वाट बघतो आहे. घरी आलो आणि कोटसुद्धा न काढता लिहायला बसलो.

तुझ्या मालात काहीही नव्हतं. मी तेव्हाच दोनदा तपासलं, बाहेरच्या एका मित्राकडूनही तपासून घेतलं. टेल्युरियम, आणि टेल्युरियमशिवाय काही नाही. म्हणजे तुझा आकडा खरा आहे हे मला तेव्हाच कळत होतं. कळत होतं आणि पटत नव्हतं, असं म्हणून मी स्वतःला पुष्कळ वर्षं फसवलं. सारणी खरी आहे यात मला शंका नव्हती. मग तुझा काटा खरा कसा असेल? दोन्ही एकदम खरं असू शकतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आमच्या पिढीत ते कोणाच्याच डोक्यात आलं नाही, पण म्हणून बाकीच्यांनी बहिणीचा आकडा खोडला नाही.

आणि सारणीवरच्या श्रद्धेपोटी खोडला म्हणावं, तर तेवढंही नाही. रिकामी झालेली प्राध्यापकाची जागा नव्वद साली भरायची होती. टेल्युरियम अखेर सारणीच्या शिस्तीत आलं, असा निबंध मी वाचला. त्याचा सगळा डोलारा '१२५.१, ग्ला. तिखोमीरोवा' या एका ओळीवर उभा होता. टाळ्या पडल्या. जागा मला मिळाली. तुझा आकडा जसाच्या तसा छापला असता तर निबंधच नव्हता.

बाबांचं दफन करून तू परत आलीस त्या दिवसाचं लिहितो, कारण ते मला सगळ्यात जड जातं. तू काळ्या कपड्यांत दारात उभी होतीस, हातात छापलेला अंक. तू रागावली नव्हतीस, निदान तेव्हा दिसली नाहीस. एवढंच विचारलंस, 'दादा, हा आकडा कुठून आला?' मी कपाट उघडलं आणि ती शिशाची मूस तुझ्यापुढे ठेवली. म्हणालो, 'तुझ्या शेवटच्या नमुन्यातून हे निघालं. पांढरट खपली दिसते ना? तुझ्या लक्षात आलं नाही, इतकंच. कोणाच्याही हातून होतं.' तू ती मूस उजेडात नेऊन बराच वेळ बघितलीस. मग म्हणालीस, 'म्हणजे तीन हिवाळे मी घाणच तोलत होते.'

असा टोमणा मला त्याआधी आणि त्यानंतर कोणी मारला नाही. तुला शिसं ओळखू येत नाही होय? तुला? मला वाटलं, ही सगळं समजली, आणि बापाचं सुतक आहे म्हणून भावाची लाज झाकते आहे. दुसऱ्या आठवड्यात तू सांगितलंस की तोम्स्कला शाळेत नोकरी धरली आहे, गणिताची. मी तुला स्टेशनवर पोचवायला आलो. तू माझा हात हातात घेतलास आणि काहीतरी बोलणार होतीस, पण शिट्टी झाली.

पुढे परदेशात एकाने, मग दुसऱ्याने तोललं. १२७.६. त्यांच्यातल्या एकाने तळटीप दिली की पीटर्सबर्गच्या (आपलं शहर तेव्हा पीटर्सबर्गच होतं) बाईंचा आकडा हलगर्जी कामाचा नमुना म्हणून सोडून द्यावा. तू ती टीप वाचली असशीलच. मी वाचली आणि मूग गिळून बसलो. मेंडेलीवांच्या अंत्ययात्रेत विद्यार्थ्यांनी सारणीचा मोठा फलक उचलून पुढे धरला होता. मी फलकाच्या मागे चालत होतो आणि नजर सारखी टेल्युरियमच्या घराकडे जात होती. त्या दिवशीही वाटलं, आज लिहावं. पण तुला तर सगळं माहीतच होतं, मग नव्याने सांगायचं काय, असं म्हणून सोडून दिलं. तुझा राग मला इतका ठाऊक झाला होता की त्याची सवयच होऊन गेली होती, ग्लाशा. दरवर्षी कार्ड यायचं, मला टोचायचं, आणि चला, या वर्षाचं प्रायश्चित्त झालं असं मी समजायचो.

सोबत दुरुस्तीचा मसुदा आहे. त्यात सगळं आहे: आकडा तुझा, खोडला मी, अवशेष खोटा, वह्या माझ्या कपाटात. मित्रमंडळींपैकी एकाला दाखवला. तो म्हणाला, 'समारंभ होऊन जाऊ दे, मग छाप.' मी तसं करणार नाही. तुझं उत्तर आलं की त्याच दिवशी छापखान्यात देतो, मग समारंभ होवो न होवो.

आता चालीरीत म्हणून नाही, आजचा दिवसही त्याचा नाही. ग्लाशा, मला क्षमा कर.

इग्नाती


तोम्स्क
८ ऑक्टोबर १९१५

दादा,

तुझं पत्र मंगळवारी शाळेत मिळालं. मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत उभ्याने वाचलं. मग तास होता, तो घेतला. अपूर्णांकांचा होता. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा वाचलं, आणि काल पुन्हा.

तू तीनतीनदा लिहितोस, तुला तर माहीतच होतं. दादा, मला माहीत नव्हतं.

ती मूस तू दाखवलीस तेव्हा मला ते शिसं वाटलं होतं. एक क्षणभर. मग मी मनात म्हटलं, दादा सांगतो आहे ते खोटं कसं असेल, मलाच दिसत नाही. तू टोमणा म्हणतोस ते मी खरंच बोलले होते. तीन हिवाळे तुझे, तुझी भट्टी, तुझा माल, आणि मी घाण तोलत बसले, आणि बाबांच्या आजारपणात तुला माझ्या चुका निस्तरायला लावल्या, आणि तरी तू माझं नाव तसंच ठेवलंस. स्टेशनवर मी तुझे आभार मानणार होते. शिट्टी झाली ते बरंच झालं.

ती तळटीप मी वाचलेली नाही. इकडे आल्यापासून रसायनाचं एक पान मी उलगडलं नाही. इथे भौतिकशास्त्राच्या कपाटात एक चांगला काटा आहे. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, तुम्हीच शिकवा, तुम्ही पीटर्सबर्गला काम केलेलं आहे. मी सांगितलं, माझ्या हाताला स्वच्छता नाही. अजूनही घरात कोणाला औषधाची पूड मोजून द्यायची वेळ आली तर मी शेजारणीला हाक मारते. तिला वाटतं मला नीट दिसत नाही.

दरवर्षीची ती ओळ चालीरीत नव्हती. त्यात टोमणाही नव्हता. मी तुझी क्षमा मागत होते, दादा. त्या आकड्याबद्दल. पंचवीस वेळा. तू पंचवीस वेळा लिहिलंस, देव क्षमा करील. एकदाही लिहिलं नाहीस की कशाबद्दल. मला वाटायचं, अजून त्याचं मन निवळलं नाही, आणि का निवळावं.

येत नाही म्हटलं ते शाळेमुळे नव्हे. तुझ्या सन्मानाच्या दिवशी मला बघून कोणाला ते प्रकरण आठवू नये, म्हणून.

मसुदा वाचला. दुसऱ्या परिच्छेदात 'सुमारे १२७.६' लिहिलं आहेस, ते 'सुमारे' काढ. सुमारे नव्हतं. चौथी वही बघ, शेवटच्या सतरा तोलण्यांची सरासरी आहे. नाव पूर्ण घाल, ग्लाफिरा प्लातोनोव्हना तिखोमीरोवा. समारंभाच्या आधी छाप की नंतर, ते तू ठरव, ते माझ्याकडे ढकलू नकोस. वह्या मला पाठव, नोंदणी करून.

तू क्षमा मागितली आहेस. तिला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे. तीन दिवस झाले, मी ते लिहायला बसते आणि हात चालत नाही. तू समजत होतास की मी पंचवीस वर्षं तुझ्यावर रागावले आहे, आणि त्या रागाची तुला सवय झाली होती. मी तुझ्यावर एक दिवससुद्धा रागावले नव्हते. मंगळवारपासून रागावले आहे. मला याची सवय नाही, नीट रागवायला वेळ लागेल. तोवर तू लिहू नकोस, मीच लिहीन.

ग्लाफिरा